फोन उचलणाऱ्याला काय यायला हवे?

माहिती देणाऱ्या हेल्पलाइनसाठी माणसे हवी असल्याच्या जाहिराती मी गेली अनेक वर्षे लक्ष देऊन वाचते. अटी जवळपास ठरलेल्या असतात: बारावी किंवा पदवी, स्पष्ट उच्चार, मराठी आणि हिंदी बोलता येणे, संगणकावर टंकलेखनाचा बरा वेग आणि पाळ्यांमध्ये काम करण्याची तयारी. निवड झालेल्या मुलामुलींना मग दोन-तीन दिवस शिकवले जाते. त्यातला एक दिवस नोंदी करण्याचे सॉफ्टवेअर समजून घेण्यात जातो, अर्धा दिवस योजनांच्या यादीवर आणि उरलेला वेळ ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ हे वाक्य कोणत्या सुरात म्हणावे यावर. चौथ्या दिवशी कानाला हेडफोन लागतो आणि पलीकडून एखादी बाई विचारते, ‘माझ्या सासऱ्यांना त्यांचीच मुलं घराबाहेर काढतायत. त्यातला एक माझा नवरा आहे. मी कुणाकडं जाऊ?’

पुण्यातील एका स्वयंसेवी संस्थेच्या माहितीसेवेच्या फोनवर मी बरीच वर्षे बसले आणि पुढे नव्याने येणाऱ्यांना शिकवण्याचे कामही माझ्याकडे आले. त्या अनुभवातून माझे मत असे बनले आहे, की आपण या कामाला गोड बोलण्याचे काम समजतो आणि म्हणून त्याचे शिक्षणही तेवढ्यापुरतेच ठेवतो. प्रत्यक्षात ते निदान करण्याचे काम आहे. समोरच्याने विचारलेल्या प्रश्नामागे त्याची खरी गरज कोणती, ती भागवण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आणि तिथपर्यंत हा माणूस एकटा पोहोचू शकेल का, या तिन्ही गोष्टी चेहरा न दिसता, काही मिनिटांत ठरवाव्या लागतात. अशा कामाला स्वतंत्र, पगारी आणि सतत चालणारे प्रशिक्षण लागते, आणि त्याचा खर्च हेल्पलाइन चालवणाऱ्याने, म्हणजे बहुतेक वेळा शासनाने किंवा महापालिकेने, उचलला पाहिजे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

आपल्याकडे क्रमांकांची कमतरता नाही. संकटकाळासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, महिलांसाठी १८१, सायबर फसवणुकीसाठी १९३०, विधी सेवेसाठी १५१०० आहे. ‘दस नौ आठ’ या नावाने मुलांच्या तोंडी बसलेली, संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतील एका उपक्रमातून सुरू झाली आणि २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने शासकीय यंत्रणेकडे गेली. मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकाचे राष्ट्रीय उद्घाटन १ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि महाराष्ट्रात ती चालवण्याचे काम पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनकडे सोपवले गेले. यांखेरीज शहरात लहानमोठ्या संस्थांचे स्वतःचे फोन आहेतच. रुग्णवाहिकेचा किंवा पोलिसांचा क्रमांक फिरवला, की गाडी निघते. माहिती देणाऱ्या हेल्पलाइनकडे पाठवायला गाडी नसते. माणसाला योग्य दारापर्यंत पोहोचवणे एवढेच तिच्या हाती असते. त्यामुळे तिथे बसलेली व्यक्ती जेवढी जाणती, तेवढीच ती सेवा चांगली.

एक फोन मी सविस्तर सांगते, कारण प्रशिक्षणात काय असावे हे मला त्यातून सर्वांत नीट समजले. काही वर्षांपूर्वी रात्री नऊच्या सुमाराला आंबेगाव बुद्रुकहून एका तरुणाचा फोन आला. ‘कमी व्याजानं तातडीचं कर्ज कुठं मिळेल?’ असे त्याने विचारले. फोन घेणारी मुलगी कामाला लागून दुसराच आठवडा झाला होता. तिने यादी उघडली, कर्ज देणाऱ्या शासकीय महामंडळांची माहिती काढली आणि अटी वाचून दाखवायला सुरुवात केली. ती सांगत होती त्यातला शब्दही चुकीचा नव्हता, आणि बोलणेही अतिशय आदबीचे होते. मी तिला खुणेने थांबवले आणि कागदावर लिहून दिले: ‘कशासाठी?’ तिने विचारले, तेव्हा कळले, की त्याचे वडील डोक्याला मार लागून चार दिवस एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते आणि सकाळपर्यंत दीड लाख भरायला सांगितले होते. तो स्वतः रंगकाम करत होता. रुग्णालयाचे नाव विचारल्यावर लक्षात आले, की ते एका सार्वजनिक न्यासाचे (ट्रस्टचे), म्हणजे धर्मादाय रुग्णालय आहे.

इथून पुढे प्रश्न कर्जाचा राहिलाच नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांवर बंधन आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करून तिचा उपयोग याच रुग्णांसाठी करायचा असतो. तातडीच्या रुग्णाला दाखल करून घेताना अनामत रक्कम मागता येत नाही, हेही त्या योजनेत आहे. त्या तरुणाकडे केशरी शिधापत्रिका होती. पण तिचा रुग्णालयाशी काही संबंध असू शकतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सकाळी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला गाठायचे, सवलतीचा अर्ज लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची, तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लगेच अर्ज करायचा, नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायचे, आणि काहीही झाले तरी अकरा वाजता आम्हाला फोन करायचा, इतके आम्ही त्याला सांगितले आणि त्याच्याकडून लिहून घेतले. सगळे बिल माफ झाले नाही. पण त्याला कर्ज काढावे लागले नाही.

त्या मुलीला काय कमी पडले होते? विनय नक्कीच नाही. ‘कशासाठी?’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय तिला नव्हती, कारण प्रशिक्षणात तिला उत्तरे द्यायला शिकवले होते, प्रश्न विचारायला नाही. धर्मादाय रुग्णालयांची योजना तिच्या यादीत ‘आरोग्य’ या मथळ्याखाली होती आणि त्या तरुणाने ‘कर्ज’ हा शब्द उच्चारला होता, म्हणून ती त्या पानावर गेलीच नसती. आणि पडद्यावर मिनिटे मोजणारे घड्याळ चालू होते. अनेक हेल्पलाइनवर एका फोनला सरासरी किती वेळ लागला, यावरून कर्मचाऱ्याचे मूल्यमापन होते. जे मोजले जाते तेच माणूस शिकतो, हे आपण शाळेतल्या परीक्षांवरून चांगले जाणतो. चार मिनिटांत फोन संपवणाऱ्याला शाबासकी मिळत असेल, तर कितीही उत्तम प्रशिक्षण दिले तरी महिन्याभरात ते विरून जाईल. म्हणून प्रशिक्षणाचा विचार करताना मोजमापाचाही विचार करावाच लागतो. किती फोन घेतले याबरोबरच, त्यांतल्या किती जणांचे काम झाले हे पुढे विचारून नोंदवले गेले पाहिजे.

ज्ञानाचा भाग मोठा आहे आणि पुण्यात तो विशेष गुंतागुंतीचा आहे. ‘महानगरपालिकेत जा’ हे उत्तर इथे अनेकदा चुकीचे ठरते. एकाच सलग दिसणाऱ्या वस्तीत पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशा दोन महापालिका आहेत, पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कटक मंडळे (कॅन्टोन्मेंट बोर्ड) आहेत, भोवती पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे आणि अजून ग्रामपंचायतीही आहेत. २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद करण्याचा निर्णय झाला. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय स्वतंत्र झाले. हिंजवडीत राहणाऱ्या माणसाचे उदाहरण घ्या. त्याचे गाव ग्रामपंचायतीत, बांधकामाची परवानगी पीएमआरडीएकडे, कंपन्यांचा पट्टा औद्योगिक विकास महामंडळाकडे, पोलीस पिंपरी-चिंचवडचे आणि तालुक्याचे ठिकाण पौड. तो स्वतःला पुणेकरच म्हणवतो, आणि त्यात चूक काही नाही. पण त्याला शिवाजीनगरला, पुणे महापालिकेत पाठवणाऱ्या हेल्पलाइनने त्याचा एक दिवसाचा पगार आणि येण्याजाण्याचा खर्च वाया घालवला. रोजंदारीवर असलेल्या बाईच्या बाबतीत तर ही एक फेरी म्हणजे संध्याकाळच्या किराण्याचे पैसे असतात, आणि दोनदा असे झाले की ती पुन्हा कोणालाच फोन करत नाही. पत्ता विचारून हद्द ओळखणे हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते, भिंतीवर नकाशा लावून, आणि प्रत्येकाकडून तो कोऱ्या कागदावर काढून घेते.

हद्दीइतकेच कायद्याचे भान लागते. वकील होण्याची गरज नाही. सुरुवातीला उल्लेख केलेल्या सुनेचा प्रश्न पाहा. असे प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला पोलीस ठाण्यातून ‘ही घरगुती बाब आहे’ असे उत्तर मिळू शकते. पण आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी आणि कल्याणासाठी २००७ मध्ये झालेला कायदा आहे, त्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर अर्ज करता येतो, आणि वृद्ध व्यक्ती स्वतः जाऊ शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. म्हणजे सासऱ्यांनी संमती दिली, तर ती सूनच अर्ज करू शकते. फोन घेणाऱ्याला हे एवढे माहीत असले, की त्या घरातली हतबलता थोडी तरी कमी होते. तीच गोष्ट २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाची. दाखला किती दिवसांत मिळायला हवा, तो कोणी द्यायचा आणि मिळाला नाही तर अपील कोणाकडे करायचे, हे अधिसूचित सेवांसाठी ठरलेले आहे. ‘अर्ज करा’ इथवर प्रत्येक जण सांगतो. अर्ज नाकारला गेल्यावर काय करायचे, ते सांगता येणे ही खरी माहिती होय.

आता भाषेविषयी. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांमध्ये भाषा म्हणजे शुद्ध उच्चार असे गृहीत धरलेले असते, आणि माझा सर्वांत जास्त आक्षेप याच गृहीतकाला आहे. जनता वसाहतीतून, ताडीवाला रोडवरून, कात्रजच्या पुढच्या मजूरवस्तीतून फोन करणारा माणूस ‘सक्षम प्राधिकारी’, ‘विहित नमुना’, ‘पात्रतेचे निकष’ असे शब्द ऐकले की गप्प होतो, आणि ती शांतता म्हणजे त्याला समजले असा अर्थ नवखा कर्मचारी काढतो. विहित नमुन्याऐवजी ‘तिथं एक छापील फॉर्म मिळतो, तोच भरायचा’ असे म्हणायला शिकवावे लागते. संबोधनाचेही तसेच. पंचेचाळिशीच्या बाईला ‘आजी’ म्हटले, किंवा सत्तरीच्या निवृत्त मास्तरांना ‘सर, तुम्ही होल्ड करा’ असे फर्मावले, की पुढचे बोलणे तुटक होते. ताई, मावशी, काका, दादा यांपैकी काय म्हणायचे ते आवाज आणि बोलण्याची ढब ऐकून ठरवायचे असते, आणि शंका असेल तर सरळ ‘तुम्हाला काय म्हणू?’ असे विचारायचे असते.

याहून महत्त्वाची आहे ती दुःखाची भाषा. मराठीत ‘मला नैराश्य आले आहे’ असे फारसे कोणी म्हणत नाही. ‘जीव नकोसा झालाय’, ‘कशात मन लागत नाही’, ‘आता सगळं आवरतं घ्यावं म्हणते’, ‘पोरांची तेवढी सोय लागली की मी मोकळी’, अशी वाक्ये येतात, तीही बहुधा पेन्शनच्या किंवा शिधापत्रिकेच्या चौकशीत, शेवटी शेवटी. यांतले शेवटचे वाक्य ऐकल्यावर पेनाचे टोक थांबले पाहिजे. तिथे ‘असं बोलू नये, सगळं ठीक होईल’ म्हणणे हे दार बंद करणे आहे. ‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?’ असे स्पष्ट आणि शांतपणे विचारायला हवे, कारण विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे या क्षेत्रातले मान्य झालेले ज्ञान आहे. पण ते वाक्य स्वतःच्या तोंडून काढणे नव्या माणसाला फार अवघड जाते. वर्गात समोरासमोर बसून, एकमेकांना दहा-दहा वेळा विचारून, जीभ सरावल्याशिवाय ते ऐन वेळी बाहेर पडत नाही. फोन करणाऱ्याला बऱ्याचदा ‘पोलीस केस होईल’ ही धास्ती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, हे कर्मचाऱ्याला ठाऊक असले तर त्या धास्तीवर तो काही खरे बोलू शकतो. त्यानंतर फोन तज्ज्ञाकडे सोपवायचा असतो, तो नुसता क्रमांक देऊन नव्हे; दोन्ही बाजू जोडून, ‘या ताई आता तुमच्याशी बोलतील, मी लाइनवर आहे’ असे सांगून.

काही फोनांमध्ये चुकीचे वागणे धोक्याचे ठरते. मारहाण होत असलेली स्त्री बोलत असताना नवरा खोलीत आला, तर ती अचानक ‘नाही हो, आम्हाला गॅस कनेक्शन नकोय’ असे म्हणते. हे समजून घेऊन फक्त हो किंवा नाही एवढ्यावर उत्तर देता येईल असे प्रश्न विचारणे, तिच्या क्रमांकावर न विचारता उलट फोन न करणे, पत्ता लिहिलेला संदेश न पाठवणे, हे शिकवल्याशिवाय सुचत नाही. मुलांच्या बाबतीत तर कायद्याचेच बंधन आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवली पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. तरीही ‘बाळा, मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन नवे कर्मचारी मायेपोटी देऊन बसतात, आणि मग ते मोडावे लागते. आम्ही त्याऐवजी हे वाक्य शिकवतो: ‘तू सांगतोस ते मी जपून ठेवीन, पण तुला कुणी त्रास देत असेल तर तुला सांभाळण्यासाठी मला एकदोन माणसांशी बोलावं लागेल, आणि बोलण्याआधी मी तुला सांगेन.’ या एका वाक्यावर आम्ही अख्खी दुपार घालवतो आणि ती वाया गेली असे मला कधी वाटले नाही.

हेल्पलाइनकडे असलेली यादी ही स्वतंत्र समस्या आहे. संस्था बंद होतात, अधिकारी बदलतात, योजनेची उत्पन्नमर्यादा वाढते, वसतिगृह फक्त मुलींसाठी होते. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, यादीचे आयुष्य तासावर आले होते. आम्ही काही जण खाटांची आणि ऑक्सिजनची चौकशी करून लोकांना कळवत होतो. एका मुलाला मी सकाळी तपासलेल्या रुग्णालयाचे नाव दिले. तो आईला रिक्षात घालून तिथे पोहोचला तोवर ती खाट गेली होती, आणि त्याने मला पुन्हा फोन करून फक्त ‘मॅडम, इथं नाहीये’ एवढेच म्हटले. तेव्हापासून प्रत्येक माहितीसोबत ‘ही मी इतक्या वाजता तपासली आहे’ हे सांगणे आणि ‘निघण्याआधी एकदा फोन करा’ असे बजावणे मी कधी चुकवले नाही, आणि कोणाला चुकवूही देत नाही.

या बाबतीत अमेरिकेकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथे समाजसेवांची माहिती देणारा २११ हा क्रमांक १९९७ मध्ये अटलांटा शहरात सुरू झाला आणि २००० मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने तो देशभरासाठी राखून ठेवला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७३ पासून, अशा माहितीसेवांची राष्ट्रीय संघटना तिथे काम करत होती. तिने कामाची मानके ठरवली आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत रुजवली. त्यात फोन करणाऱ्याशी बोलणारा आणि सेवांची यादी सांभाळणारा ही दोन वेगळी कामे मानली जातात आणि दोघांचे शिक्षण वेगळे असते. आपल्याकडे यादी ही कोणाचीच नसते. ज्याला रिकामा वेळ मिळेल त्याने ती दुरुस्त करावी असे असते, आणि रिकामा वेळ कोणालाच मिळत नाही. तिथली व्यवस्था जशीच्या तशी इथे बसणार नाही, हे खरे. पण यादीला एक जबाबदार माणूस हवा आणि त्याला ते काम शिकवलेले हवे, याला परदेशी असण्याचे काही कारण नाही. आपल्या शेजारीच त्याची चांगली सुरुवात झाली होती. पिंपरी-चिंचवड महापालिकेने १५ ऑगस्ट २०१३ रोजी, श्रीकर परदेशी आयुक्त असताना, ‘सारथी’ ही नागरिकांसाठीची हेल्पलाइन सुरू केली, तेव्हा नागरिक विचारू शकतील अशा प्रश्नांची उत्तरे विभागवार लिहून त्यांची पुस्तिकाही काढली होती. उत्तर लिहून द्यावे लागले की विभागालाही आपली कार्यपद्धती नीट तपासावी लागते. असे लेखी उत्तर हा कर्मचाऱ्याच्या शिक्षणाचा पाया आहे, आणि तो दर वर्षी नव्याने घालावा लागतो.

फोन घेणाऱ्यांच्या मनाचा विषय मी मुद्दाम वेगळा काढते, कारण अंदाजपत्रकात त्याला कधीच जागा नसते. दिवसभरात सात साधे फोन आणि एक असा, ज्यात पलीकडे मूल रडते आहे. तो संपल्यावर लगेच नववा फोन वाजतो. हे सोसणाऱ्या बहुतेक मुली विशीतल्या आहेत, पीएमपीच्या बसने तास-दीड तास प्रवास करून येतात आणि घरी जाऊन कोणाशी काही बोलू शकत नाहीत, कारण गोपनीयतेची सही त्यांनी केलेली असते. जड फोननंतर पंधरा मिनिटांची विश्रांती, आठवड्यातून एकदा जाणत्या समुपदेशकासोबत बसून बोलणे आणि ‘मला हा फोन जमला नाही’ असे न घाबरता म्हणता येईल असे वातावरण, हे मी प्रशिक्षणाचाच भाग मानते. ज्या ठिकाणी ते नसते तिथे माणसे एक तर सोडून जातात किंवा कोरडी होतात, आणि कोरड्या झालेल्या माणसाचा आवाज फोनवर लगेच ओळखू येतो.

माझ्या या आग्रहावर नेहमी येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा, की कर्मचारी कंत्राटी असतात, सहा महिन्यांत जातात, त्यांच्यावर एवढा खर्च कशाला करायचा? माझा अनुभव उलट आहे. बरेच जण पगार कमी म्हणून जातात हे खरे, पण पुष्कळ जण रोज अपुरे पडत असल्याच्या भावनेने जातात, आणि ज्यांना काम नीट शिकवले ते अधिक काळ टिकतात. दुसरा आक्षेप असा, की आता मोबाइलवर लिहून विचारले की यंत्रच उत्तर देते. बिलाची तारीख, कार्यालयाची वेळ, अर्जाची स्थिती यांसाठी यंत्राने उत्तर द्यावे, त्याला माझी हरकत नाही; त्याने माणसांचा वेळ वाचेल. पण मग माणसापर्यंत येणारा प्रत्येक फोन अवघडच असेल, आणि तो घेणारा आजच्यापेक्षा अधिक शिकलेला लागेल. तिसरा आक्षेप आमच्याच क्षेत्रातून येतो: सेवाभाव असला की पुरे. सेवाभावाविषयी मला आदर आहे, त्याच्यावरच आमची संस्था उभी राहिली. पण त्या तरुणाला कर्जाची माहिती देणाऱ्या मुलीकडे सेवाभाव भरपूर होता.

पुण्यात या शिक्षणासाठी लागणारे जवळपास सगळे आहे. बाणेर रस्त्यावर यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, कर्वे समाज सेवा संस्था आहे, विद्यापीठ आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. यांनी एकत्र येऊन मराठीतला एक समान अभ्यासक्रम बनवावा आणि शासकीय असो वा स्वयंसेवी, कोणत्याही हेल्पलाइनच्या कर्मचाऱ्याला तो खुला असावा. पहिला फोन घेण्याआधी किमान दोन आठवडे शिकणे, त्यानंतर तीन महिने अनुभवी माणसाच्या शेजारी बसून काम करणे आणि पुढे दर महिन्याला एक दिवस जुने फोन पुन्हा ऐकून चर्चा करणे, एवढे मला आवश्यक वाटते. फोन ऐकवताना नाव, पत्ता आणि ओळख पटेल असे सर्व काढून टाकलेच पाहिजे. आणि हे सगळे निविदेत लिहिलेले हवे. हेल्पलाइन चालवायला देताना रोज किती फोन घेतले जातील आणि किती सेकंदांत उचलले जातील हे निविदेत तपशिलाने असते. शिकवण्याचे तास, यादीचा जबाबदार माणूस आणि समुपदेशकाचा खर्च यांची कलमे नसतील, तर कंत्राटदाराने ते करावे अशी अपेक्षा धरणे योग्य होणार नाही.

माझ्या हाती असेल तर दोन आठवड्यांची पहिली सकाळ मी वर्गात घेणार नाही. आम्ही आमच्या नव्या मुलांना एका तहसील कार्यालयात नेतो आणि प्रत्येकाला एक काम देतो: उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी करून यायची, हेल्पलाइनचे नाव न सांगता, रांगेत उभे राहून. काही वर्षांपूर्वी कर्जाची यादी वाचून दाखवणारी ती मुलगी आता ही सकाळ स्वतः चालवते. गेल्या खेपेला तिच्यासोबत गेलेल्या एका मुलाने वहीत तीन वाक्ये लिहून आणली होती: ‘खिडकी जेवणाच्या वेळेत तासभर बंद असते. कागदांच्या झेरॉक्स आधीच काढून न्याव्यात, आवारात मशीन नाही. जिन्याला कठडा नाही, आजोबांना एकटं पाठवू नये.’ दुपारी परत आल्यावर तिने त्याला शेजारी बसवले, यादीतील त्या कार्यालयाची नोंद उघडली आणि तारीख घालून ही तीनही वाक्ये त्याच्याकडूनच तिथे लिहून घेतली.